पंखा थांबला की माणूस बाहेर

टाकीच्या आत कोटिंग मारणाऱ्यांच्या पँटवर जसे डाग साठतात, तसे आमचे किस्से साठलेत. कितीही धुवा, जात नाहीत! जुनी मंडळी भेटली की चहा येईपर्यंत तिसरा किस्सा सुरू झालेला असतो, आणि प्रत्येकात अण्णा असतातच.

अण्णा म्हणजे आमचे मिस्त्री. मूळचे गडहिंग्लजकडचे, कानडी मुलखाच्या वेशीवरचे, त्यामुळे घाबरले की कानडीत बोलायचे. पाण्याच्या टाक्या आतून गळतीबंद करायचं आमचं काम. 'अण्णांची टाकी गळत नाही' असा त्यांचा लौकिक, आणि त्यांना त्याचा भारी अभिमान. आत उतरायचा दस्तगीर, कारण अंगानं सडपातळ. झाकणाच्या भोकातून सहज जायचा. मटेरियल कालवून द्यायचो मी. बंद टाकीत थिनरच्या वासानं डोकं गरगरतं, माणूस आतल्या आत कोसळतो. म्हणून वरून वारा सोडायला पंखा हवाच. पण तेव्हा लोडशेडिंग असायचं, आणि ओल्या टाकीवर वायरीचं लफडं अण्णांना नको होतं.

*

एका बंगलेवाल्यानं कामावर खूष होऊन जावयानं अमेरिकेहून आणलेला बॅटरीवरचा पंखा अण्णांना देऊन टाकला. सोबत दोन बॅटऱ्या आणि चार्जर. दस्तगीर लगेच चार्जर बोर्डात घालायला निघाला. अण्णांनी त्याचा हात धरला.

"पावणं परमुलखातलं हाय. काय पचतंय ते इचारल्याबिगर वाढतोस व्हय?"

चार्जरच्या पाठीवर एकशेदहा व्होल्ट लिहिलं होतं! आपली वीज दोनशेतीसची. तसाच लावला असता तर नुसता धूर. मग उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपातून व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर बनवून आणला. पंखा एका हातात मावायचा, ट्रान्सफॉर्मर उचलायला दोघं लागायचे.

दस्तगीर म्हणाला, "अण्णा, वायर न्हाय म्हंता, पर बैलगाडी लागत्या की ह्याला!"

*

अण्णांचे नियम कडक. पंखा भोकापासून लांब ठेवायचा आणि जुन्या मांडवाच्या कापडाच्या नळीतून वारा आत सोडायचा. "थिनर आत, ठिणगी भाईर. दोघांची गाठ घालायची न्हाय." एक चहा होईपर्यंत पंखा चालल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. आणि शेवटचा नियम, पंखा थांबला की माणूस बाहेर.

एका साइटवरच्या साहेबांना घाई होती. त्यांनी बशीत ओतून एका दमात चहा संपवला. "झाला चहा. उतरवा माणूस!"

अण्णांनी शांतपणे त्यांचा कप पुन्हा भरला. "तुमचा झाला. पंख्याचा न्हाय झाला अजून!"

*

राधानगरीला एका डेअरीच्या टाकीवर काम होतं. तिथला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. डेअरीवाल्यांनी अण्णांना भिजू नये म्हणून इरलं दिलं. आम्ही वर जाऊन बघतो तर इरलं पंख्यावर आणि अण्णा ओलेचिंब!

"अवो, तुमी आजारी पडशीला!" दस्तगीर म्हणाला.

"मला काढा हाय की. ह्याला कुटनं पाजू?"

*

दुसरी बॅटरी कशी गेली ते सांगायलाच हवं. वापरून वापरून बॅटरी गरम व्हायची. अण्णांचा हुकूम होता, निवल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. "उन्हातनं आलेल्या बैलाला लगीच पाणी दावतोस व्हय?"

दस्तगीरला ते पटलं. जरा जास्तच पटलं. बॅटरी लवकर निवावी म्हणून त्यानं तिच्यावर ओलं बारदान गुंडाळलं आणि वर तांब्यानं पाणी मारलं. जन्मभर सिमेंटवर हेच केलेला माणूस, त्याचा काय दोष!

अण्णा म्हणाले, "कॉलम हाय व्हय रं ह्यो? आनि किती दिस क्युरिंग करनार हाईस?"

ती बॅटरी त्यांनी परत कधी लावली नाही. तसली बॅटरी इथं मिळायची नाही. तेव्हापासून एकाच बॅटरीवर काम.

*

गारगोटीच्या एका शाळेत टाकीचं काम आणि बक्षीस समारंभ एकाच दिवशी आला. लाइट गेलेली. स्टेजवर प्रमुख पाहुणे घामाघूम. हेडमास्तर धावत आले, "अण्णा, तेवढा पंखा द्या हो!"

"न्या की," अण्णा म्हणाले. त्यांनी दस्तगीरला टाकीतून वर काढलं, आणि आम्ही तिघं डोक्यापासून पायापर्यंत काळेकुट्ट, पंख्याच्या मागोमाग जाऊन पहिल्या रांगेत बसलो! शेजारच्या बायका पदर सावरून लांब सरकल्या.

हेडमास्तर कानाशी येऊन कुजबुजले, "अण्णा, इथं कशाला?"

"पंखा जिकडं, तिकडं आमी. नेम हाय आमचा!"

पाहुण्यांनी भाषण आवरतं घेतलं आणि पंखा स्वतः उचलून आमच्या हातात दिला.

*

आणि मग गडहिंग्लजचं काम. अण्णांचाच मुलूख, त्यामुळे मिस्त्रीचं काम बघायला ओळखीपाळखीचे लोक जमलेले. गुळाच्या व्यापाऱ्याची मोठी टाकी. शेवटचा कोपरा राहिला आणि पंखा मंदावला. मग थांबलाच. कोटिंग ओलं असतानाच कोपरा जोडला नाही, तर सांध्यातून गळणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आतून दस्तगीर ओरडला, "अण्णा, दोन मिंटं! कोपरा तेवढा ऱ्हायलाय!"

मालक म्हणाले, "मारू द्या की वो. दोन मिंटात काय हुतंय?"

"दस्तगीर, लगून बा!" अण्णा कानडीत गेले. "लवकर वर ये लेका!" आणि तो शिडीपाशी येताच भोकातून हात घालून त्यांनी त्याला कॉलर धरून ओढलंच. दस्तगीर वर येऊन बसला तो डोकं धरूनच.

बॅटरी चार्ज होईपर्यंत आतलं कोटिंग वाळलं होतं. कोपरा दुसऱ्या दिवशी जोडला. कोटिंग पक्कं झाल्यावर टाकी भरायचा दिवस आला. टाकी भरली की नारळ फोडायचा रिवाज, म्हणून मालक नारळ घेऊन उभे. गावकरी होतेच. पाणी चढलं आणि त्याच कोपऱ्यातून ओल आली. मग एक थेंब, मग दुसरा.

मला तर अण्णांकडे बघवेना.

मालकांनी नारळ पिशवीत परत टाकला. "आता कशाचा नारळ, अण्णा? टाकी गळत्या की तुमची."

"व्हय, गळत्या. परत करून देतो." अण्णांनी पिशवीतून नारळ काढून घेतला आणि दस्तगीरला पुढं बोलावलं. "उभा ऱ्हा हितं."

"अवो, गळक्या टाकीला नारळ फोडताय?"

"टाकीला कोन फोडतंय?" अण्णा म्हणाले. त्यांनी तो नारळ दस्तगीरवरून उतरवला आणि पायरीवर फोडला.