टिकली दीड इंच खाली

नांदेडमधल्या एका मॉलच्या वरच्या मजल्यावर बोलिंगच्या चार लेन आहेत. लेनवर तेलाचा पातळ थर असावा लागतो. चेंडू त्यावरून घसरत जातो आणि शेवटी वळतो. इथलं तेल लावायचं यंत्र बिघडलं, मालकानं दुरुस्त केलं नाही, लेन कोरड्या पडल्या. कोरड्या लेनवर चेंडू लवकर पकड घेतो, नको तितका वळतो आणि कडेच्या नालीत जातो. चेंडू सावकाश टाकला तर आणखी लवकर.

माझा मोठा भाऊ निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी तिथं खेळायचा. मागच्या वर्षी त्याची उजवी बाजू लकव्यानं गेली. डॉक्टरांच्या कागदावर ‘सौम्य’ असा शब्द होता. चालणं सुधारलं, बोलणंही. सही मात्र पूर्वीसारखी येईना. ज्या बँकेत त्यानं तीस वर्षं लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या, तिथं त्याची सही नव्यानं नोंदवून घ्यावी लागली. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही. बोलिंग तेवढं पूर्वीसारखं जमलं पाहिजे, असं तो त्यानंतर वरचेवर बोलू लागला.

त्याच्या मुलानं हैदराबादहून नवा चेंडू पाठवला. कोरा, बोटांसाठी भोकं न पाडलेला. अशा चेंडूवर एक रंगीत खूण असते. आतला जड गाभा त्या खुणेच्या बाजूला असतो. टाकलेला चेंडू ज्या आसाभोवती फिरतो, त्याचं टोक प्रत्येकाच्या हाताप्रमाणे वेगळं असतं. ती खूण या टोकाच्या जवळ ठेवून भोकं पाडली तर चेंडू कमी वळतो. तीन-सव्वातीन इंचांवर ठेवली तर सगळ्यात जास्त वळतो. कोरड्या लेनसाठी दादानं दीड इंच ठरवलं. ते बरोबर होतं.

प्रश्न टोकाचा होता. तेल असतं तर चेंडूवर तेलाची कडी उमटते आणि त्यावरून टोक सापडतं. कोरड्या लेनवर काहीच उमटत नाही. म्हणून आम्ही वहिनीच्या टिकल्यांचं पाकीट नेलं. जुन्या चेंडूवर टिकली लावायची, दादानं तो टाकायचा, मी बाजूनं पाहायचं. टिकली डगमगली तर जागा चुकली. एकाच जागी स्थिर दिसली तर तेच टोक.

दादाच्या डायरीत टोकाचं लकव्याआधीचं जुनं माप होतं. त्या जागी लावलेली टिकली थाळीच्या कडेसारखी हेलकावे खात गेली. मी ती सरकवत राहिलो. अकराव्या वेळी ती स्थिर राहिली, जुन्या जागेच्या दीड इंच खाली. पुन्हा दोनदा टाकून पाहिलं. दोन्ही वेळा तसंच.

मी आकडा सांगितला. दादा म्हणाला, टिकली सरकली असंल, तुझ्या वहिनीच्या टिकल्या दुपारपर्यंतबी टिकत न्हाईत. मी टिकली सोलून पाकिटाला परत चिकटवली.

भोकं पाडणारा मिस्त्री लातूरच्या एमआयडीसीत होता. डाळमिलचे सुटे भाग करायचा. पूर्वी आमच्या ओळखीच्या दोघांचे चेंडू त्यानं केले होते. अहमदपूरमार्गे गेलो. वाटेत दादानं डायरी मांडीवर धरून ठेवली होती. मिस्त्रीनं चेंडू दोन्ही हातांनी तोलला आणि विचारलं, “साहेब, बोअर मारायचाय खरा, पण पाणी किती फुटांवर लागंल?” दादा हसला. मग त्यानं मापं वाचून दाखवली आणि मिस्त्रीनं पेन्सिलीनं रेघा आखल्या. खूण जुन्या टोकाच्या बरोबर वर, दीड इंचावर येत होती. म्हणजे मला सापडलेल्या टोकापासून तीन इंचांवर, चेंडू सगळ्यात जास्त वळेल अशा जागी. ही बेरीज मी तिथं उभ्या उभ्या केली.

बोटांची जाडी मोजताना मिस्त्रीनं दादाचा अंगठा हातात घेतला, वाकवून पाहिला आणि थांबला.

“हे माप कवाचं हाय, साहेब?”

“माझंच हाय,” दादा म्हणाला.

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. भोक एकदा पडलं की पडलं, असं तो म्हणाला. मी आयुष्यभर वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्यांतले आकडे फोन करून तपासले आहेत. मी होकारार्थी मान हलवली. त्यानं यंत्र सुरू केलं.

पुढच्या रविवारी दादानं नवा चेंडू सहा वेळा टाकला. सहाही वेळा तो अर्ध्या लेनवरच वळला आणि डावीकडच्या नालीत गेला. शेजारच्या लेनवरच्या कॉलेजच्या मुलींनी खेळ थांबवून त्याला जागा करून दिली. सातव्यांदा त्यानं चेंडू उचलला नाही. बाकावर बसून शूजच्या नाड्या सोडायला लागला. डाव्या हातानं.

“टिकली सरकली नव्हती ना?” त्यानं खाली पाहत विचारलं.

“नाही.”

“मिस्त्रीसमोर बोलायचं होतंस.”

“तू ऐकलं नसतंस.”

“नसतं ऐकलं,” तो म्हणाला. “तरी बोलायचं होतंस.”

दुसरी नाडी त्याला सुटेना. मी खाली वाकलो, तेव्हा त्यानं पाय मागं घेतला.