बेसवाल्या मामांचं खोकं

"मामा, तुमचं वाजतंय का? आम्हाला तर काहीच ऐकू येत नाही."

"बंद पडल्यावर कळंल."

हे उत्तर मामांनी किती मांडवांत दिलं असेल, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. विचारणारा आमदारांचा माणूस असो की पंगतीतला वाढपी, मामा मान वर करायचे नाहीत. उजव्या हाताची दोन बोटं तारांवर चालत राहायची, डावा पाय खोक्याला टेकलेला असायचा आणि नजर समोरच्या लोकांच्या पायांवर. नवख्या माणसाला वाटायचं, यांना चपलांच्या राखणीला बसवलंय.

त्या काळात तुम्ही बीडकडे एखादं लग्न, एखादी जयंती, नारायणगडाच्या वाटेवरची एखादी जत्रा पाहिली असेल, तर आमचा ऑर्केस्ट्राही पाहिला असणार. गाणारी ताई तुम्हाला आठवत असेल. चमकीचा कोट घालून माइक न सोडणारा निवेदकही आठवत असेल, तो मी. एरवी शाळेत मराठी शिकवायचो आणि सुट्टीत निवेदन करायचो, म्हणजे घशाला सुट्टी कधीच नव्हती. मामा मात्र तुम्हाला आठवणार नाहीत. ते मागे कोपऱ्यात, कपाटाएवढ्या लाकडी खोक्याला टेकून बेस, म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार वाजवायचे.

ते आमच्यापैकी कुणाचेच मामा नव्हते. नेकनूरला त्यांची पिठाची गिरणी होती आणि दळण आणणारी सगळी पोरं त्यांना मामा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. त्यांच्या भुवयांवर कायम थोडं पीठ असायचं. कार्यक्रमाला ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, पण भुवया राहून जायच्या. दिव्याच्या उजेडात त्या चमकायच्या आणि लोकांना वाटायचं, यांनी मेकअप केलाय.

गिटार त्यांच्याकडे कशी आली, याच्या दोन हकिकती आहेत. मामा म्हणायचे, औरंगाबादच्या एका हॉटेलातली बँड पार्टी मोडली आणि ही लाल गिटार "माज्याकडं बघाया लागली." मामी म्हणायच्या, "गिरणीचा पट्टा आणाया पाठवलतं. हे लाकूड घिऊन आले. पट्टा न्हाईच. गावाची दळणं हप्ताभर पडून!" दोन्ही हकिकती खऱ्या असाव्यात.

ती वाजवायला त्यांना कुणी शिकवलं नाही. विचारलं तर ते गिरणी दाखवायचे. "गिरणी चालू हाय का बंद, हे तुमाला कसं कळतं? कुनी ऐकत बसतं का? न्हाई. पन लाइट गेली, गिरणी बंद पडली, का समदी आळी दारात. बेसचं बी तसंच हाय, गुरुजी. वर तुमी काय नाचायचं ते नाचा. खालून मी धरलेलं हाय."

बेसच्या तारा महाग आणि त्या मिळायच्या लांब. वाजवून वाजवून तारा मेल्या, आवाज बसला, की मामा त्या काढून पातेल्यात उकळायचे. घाम, पीठ, मळ सगळं पाण्यात उतरायचं आणि तारा पुन्हा खणखणायला लागायच्या. मला हे थोतांड वाटलं होतं, पण पुढे कळलं की बेसवाले सगळीकडे हेच करतात. फरक इतकाच, की मामांच्या घरात मोठं पातेलं एकच होतं आणि ते आमटीचं होतं. एकदा मी जेवायला गेलो असताना मामींनी माझ्या ताटात वाढता वाढता विचारलं, "गुरुजी, सकाळी ह्याच्यात तारा शिजल्यात. चालंल ना?" मी आमटी खाल्ली. चांगली झाली होती.

लोकांना मोठा प्रश्न पडायचा तो तारांच्या संख्येचा. आमच्याकडे दुसरा गिटारवाला होता, त्याच्या गिटारीला सहा तारा, मामांच्या गिटारीला चार. एका गावात सरपंचांनी हे बारकाईनं पाहिलं. गाणं संपताच ते स्टेजवर चढले, माझ्या हातातला माइक घेतला आणि म्हणाले, "कलाकार गरीब असला म्हणून त्याची कला गरीब न्हाई. ह्या भाऊंच्या तुटलेल्या दोन तारा आमचं गाव बसवून देनार!" टाळ्यांचा कडकडाट. आता हे सगळं सभ्य भाषेत दुरुस्त कसं करावं, याचा मी विचार करत होतो, तोवर मामांनी पुढे येऊन सरपंचांना नमस्कार केला. खाली उतरल्यावर मी म्हटलं, "अहो मामा, त्याला चारच तारा असतात हे सांगायचं नाही का?"

"कावून? इतक्या लोकांत त्येंना खाली बघाया लावू? आन तारा काय, बदलीला लागत्यातच."

गाण्यांच्या बाबतीत मामा फार कडक होते. आम्ही वाजवायचो ती सगळी दुसऱ्यांचीच गाणी, सिनेमातली. ताईला अधूनमधून स्वतःची एखादी हरकत घ्यायची हौस यायची. मामा वाजवणं थांबवायचे नाहीत, पण गाणं संपल्यावर म्हणायचे, "ताई, लोकांनी हे गानं लग्नात ऐकलंय, पोरीला सासरी घालवताना ऐकलंय, टेम्पोत ऐकलंय. गानं त्येंचं हाय. आपन निस्तं आणून द्यायचं. वाटंत त्याच्यातलं काढायचं बी न्हाई आन घालायचं बी न्हाई."

अडचण अशी होती, की नव्या गाण्यात बेस नेमका काय वाजलाय ते ऐकायला मामांकडे साधन नव्हतं. घरच्या टेपमधून बारीक आवाज तेवढा यायचा. तेव्हा बाहेरच्या देशांतला माल नुकताच आपल्याकडे येऊ लागला होता आणि वडाप करणाऱ्या काळीपिवळी जीपवाल्यांना मोठमोठ्या स्पीकरांचं वेड लागलं होतं. मामा बीडच्या स्टँडबाहेर उभे राहायचे. गेवराईची, केजची, कुठलीही जीप असो, तिच्या पत्र्यावर तळहात टेकवून बघायचे. पत्रा थरथरला की आत बसायचे. ड्रायव्हर विचारायचा, "कुठं जायचं?"

"हे गानं संपंस्तोवर."

एकदा असेच ते पार गेवराईला पोचले, कारण ड्रायव्हरनं त्यांना हवी असलेली कॅसेट मध्येच काढून भजनाची लावली. मामांनी सगळ्या प्रवाशांसमोर त्याला विनवलं, "मागं घे रं, दुसऱ्या कडव्यात काय केलंय त्येनं, तेवडंच ऐकू दे." जीपवाल्याला वाटलं, म्हातारा जीप मागं घ्यायला सांगतोय. मग भांडण, मग चहा, मग ओळख. त्यानंतर ती जीप आमच्या ऑर्केस्ट्राला कायमची लागली.

आणि त्याच जीपमध्ये ते खोकं जायचं. बैलगाड्या करणाऱ्या सुताराकडून मामांनी ते जाड लाकडाचं करून घेतलं होतं. आत परातीएवढा स्पीकर. सुतारानं सवयीनं त्याला बैलगाडीसारखाच पिवळा रंग देऊन वर लाल फुलं काढली. जीपच्या मागच्या दोन बाकांच्या मध्ये ते खोकं आडवं पडायचं आणि आम्ही सातजण गुडघे हनुवटीला लावून त्याच्या कडेनं बसायचो. बीड सोडलं की माझे पाय माझे राहायचे नाहीत. रोज कुणीतरी त्या खोक्याला शिव्या द्यायचं. मामा खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "सरका थोडं, त्येला हवा लागू द्या."

पण आमच्याइतका राग त्या खोक्यावर दुसऱ्या कुणाचा नव्हता, उलट बायांचा फार जीव होता. कार्यक्रमात तान्ही पोरं गोंगाटानं रडतात. कधीतरी एका बाईनं आपलं पोर खोक्यामागे गोधडीवर टाकलं आणि ते गपकन झोपलं. पुढच्या बाजूला भोंगे कोकलत असायचे, पण खोक्यामागे लाकडाची ती खालची घरघर तेवढी जाणवायची. बातमी गावोगाव पसरली. आम्ही सामान लावतोय तोवर बाया गोधड्या घेऊन यायच्या, "भाऊ, वाईच लक्ष ठिवा," म्हणायच्या आणि निवांत पुढे जाऊन बसायच्या. मामा वाजवता वाजवता मागे वळून पोरं मोजायचे. त्यांच्यामागे कायम एक बालवाडी झोपलेली असायची.

असं सगळं चाललेलं असताना आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक, अण्णा, मुंबईहून नवा कीबोर्ड घेऊन आले. अण्णांचं बीडमध्ये कापडाचं दुकान, स्वभाव दिलदार, पण नव्या मालाचा सोस मोठा. त्या कीबोर्डवर डाव्या हातानं एक पट्टी दाबली की ढोल, झांज, बेस सगळं आपोआप वाजायचं. अण्णांनी मला दुकानात बोलावून वाजवून दाखवलं आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, मामांचं आता काय काम उरलं? खोकं गेलं तर जीपमधी दोन माणसं आरामात बसतील. तुमी सांगा त्येंना. समदं तुमीच तर जाहीर करता."

मी म्हटलं, "अण्णा, माझ्याकडून सगळ्या सोयऱ्यांची नावं वाचून घ्या, आहेर पुकारून घ्या. हे माझ्याच्यानं होणार नाही."

कुणी सांगायची गरजच नव्हती. पुढचा कार्यक्रम चकलांब्याला लग्नाचा होता. वाटेत चहाला थांबलो तेव्हा मामा माझ्याजवळ आले.

"गुरुजी, मला खाली ठिवनार हायेत का?"

मी चहात बघत राहिलो.

"ठिवलं तर ठिवलं. गिरणी हाय की मला. पोट भरतंय तिच्यावर." त्यांनी बशीतला चहा संपवला. "पन गिरणीवर कुनी नाचत न्हाई वो."

मी माझा उरलेला चहा त्यांच्या बशीत ओतला.

लग्न दुपारचं होतं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आम्ही सामान लावलं. खोकंही लावलं, कारण मामांनी ते लावायला घेतलं आणि त्यांना नको म्हणण्याची हिंमत कुणाला झाली नाही. बाया आल्या, पोरं निजवून गेल्या. सहा तरी असतील. मग अण्णा म्हणाले, "मामा, आज तुमी आराम करा. मशीन बघू कसं वाजतंय." मामांनी खोक्याचं बटण बंद केलं, गिटार मांडीवर घेतली आणि खुर्चीत बसले. त्यांची बोटं मात्र तारांवर हलत होती, बिनआवाजाची.

पहिलं गाणं सुरू झालं. मशीन चोख वाजत होतं, कुठे चूक नाही. पहिल्या कडव्याला एक पोर उठून बसलं. दुसऱ्या कडव्याला दोन रडायला लागली. त्यांच्या रडण्यानं उरलेली उठली. ताईनं आवाज चढवला, पोरांनी त्याहून चढवला. मी माइकवरून "चिमुकल्या रसिकांचंही स्वागत" असं काहीतरी बोललो, ते कुणाला ऐकू गेलं नाही. आया धडपडत उठल्या, म्हाताऱ्या वैतागल्या, नवरदेव हसायला लागला आणि गाणं मधेच बंद पडलं.

तेवढ्यात नवरीची आत्या पदर खोचून स्टेजवर चढली. तिनं एक पोर उचलून काखेला मारलं आणि सरळ मामांकडे बोट केलं. "हे भाऊ कावून बसलेत?"

अण्णा समजावणीच्या सुरात म्हणाले, "आत्या, आता समदं मशीन वाजवतंय. लई महागाचं हाय, फॉरेनचं."

"बरं झालं," म्हणत आत्यानं दुसरं पोर उचलून कीबोर्डवाल्याच्या पुढ्यात धरलं. "मग मशीनला म्हनावं, घे ह्येला."

सगळा मांडव हसला. अण्णाही हसले, कारण हसण्याशिवाय त्यांना काही करता येत नव्हतं. मग त्यांनी मामांकडे बघून नुसती मान हलवली. मामा उठले, बटण दाबलं, खोक्यावर तळहात टेकवला आणि दोन बोटं तारांवर ठेवली. त्यांचे डोळे भरले होते, पण ते त्यांनी पिठाच्या नावावर खपवले. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला तीन पोरं झोपली. उरलेल्यांचं मला माहीत नाही, कारण मीही खुर्चीत डोळे मिटून बसलो होतो.

त्यानंतर मामांच्या जागेचा विषय अण्णांनी पुन्हा काढला नाही. मशीनही वाजत राहिलं, मामाही वाजत राहिले आणि जीपमध्ये आम्ही गुडघे वर घेऊन शिव्या देत राहिलो.

मामा गेले ते गिरणीत. सकाळची वेळ होती, दळण चालू होतं. छातीत कळ आली तशी त्यांनी आधी हात लांब करून गिरणी बंद केली आणि मग खाली बसले. मामी सांगत होत्या, लाइट असताना गिरणी कावून बंद पडली म्हणून अख्खी आळी दारात आली होती.

त्यानंतरचा आमचा पहिला कार्यक्रम गेवराईच्या बाजूला होता. खोकं नेकनूरलाच होतं, मामींनी ते देव्हाऱ्याशेजारी ठेवून घेतलं होतं. आम्ही उरलेले सहाजण जीपमध्ये चढलो. निघायच्या आधी ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं आणि म्हणाला, "अहो, असे कावून बसलात? पाय सोडा की. जागा हाय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मधे सगळी जागा मोकळी होती आणि सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागलेले होते.

गेवराई येईपर्यंत कुणीही पाय सोडले नाहीत.