पोळ्याच्या दिवशी आलेली वीज

आंजीजवळच्या आमच्या गावात तारा उन्हाळ्यातच ओढून झाल्या होत्या, पण त्यांत वीज काही येत नव्हती. दिवाळीपर्यंत येईल, असं लाइनमन सांगून गेला होता. तोवर गावानं खांबांचा आपल्या परीनं उपयोग करून घेतला. कोणी म्हैस बांधली, कोणी गोधडी वाळत घातली. पोळा आला तेव्हा बैलांसाठीचं आंब्याच्या पानांचं तोरणही, नेहमीच्या लाकडी बल्ल्या सोडून, या उंच खांबांनाच बांधायचं ठरलं. ठरवणारे सासरे, चढणारा माझा नवरा.

मी अंधाऱ्या स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. एकाएकी पाट्यावरचे माझे हात लख्ख दिसायला लागले. वर पाहिलं तर आमचा बल्ब पेटलेला. त्याचं बटण वर असलं की चालू की खाली असलं की, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मी खुळ्यासारखी हसले. मग बाहेरचा ढोल ऐकू आला आणि खांबावर चढलेले हे आठवले.

पुरणाच्या हातांनीच धावले. हे खांबाच्या टोकाला पोचले होते. खांद्यावर भिजलेला दोर, एक हात तारेकडे चाललेला. खाली ढोल, घुंगरं आणि बैलांपुढे ओरडून झडत्यांची कवनं म्हणणारे पुरुष.

"अहो, तारेले हात लावू नका!" मी ओरडले.

त्या गर्दीत कोणाची तरी बायको कोणाला तरी अहो म्हणतेय, त्याचं कोणाला काय? नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं मला लहानपणापासून पढवलेलं. उखाणा सोडला तर ते नाव कधी तोंडातून गेलं नव्हतं. त्या मेल्या समजुतीचा मला आजही राग येतो, कारण तिच्यापायी मी तिथंसुद्धा अडखळले. मग पदर घसरला तसा घसरू दिला आणि सासऱ्यांच्या देखत यांना नावानं हाक मारली.

ढोल थांबला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, यांनीही. हात तारेपासून वीतभर दूर होता.

"घरातला बल्ब लागला," मी म्हटलं. "उतरा."

ते उतरले. चाचणीसाठी वीज सोडल्याचा निरोप गावापर्यंत पोचलाच नव्हता, हे मागाहून कळलं. सासरे बल्ल्या आणायला गेले.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. माझ्या दोन्ही हाका त्यांनी ऐकल्या होत्या. मी मान खाली घालून बोलणी खायच्या तयारीनं उभी राहिले. त्यांनी माझा पुरणानं माखलेला हात धरला.

"पहिल्यांदाच काऊन नाई घेतलं व नाव?" त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.