विनंती एकच होती

सिंगापूरला, पाया लेबारच्या ऑफिसात मी सगळ्यांत सीनियर होतो, आणि ते माझ्या डोक्यात पुरतं गेलं होतं. टीम पाच जणांची. त्यात नागपूरची एक इंजिनिअर होती, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. दवाखान्याची अपॉइंटमेंट घ्यायच्या अ‍ॅपचा मोबाइलवरचा भाग ती लिहायची. अ‍ॅप आणि दवाखान्याचा सर्व्हर यांच्या मधला प्रोग्रॅम माझा.

एकेका पेशंटच्या नावावर दोन-दोन अपॉइंटमेंट पडायला लागल्या. दवाखानेवाले भडकले. आमचा बॉस इथलाच, शांत माणूस. त्याने मला बोलावून सांगितलं की चूक तिची निघाली तर तो तिचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, रिन्यू करणार नाही. पास संपायला तीन आठवडे होते, आणि नवरा पुण्याची नोकरी सोडून तिच्या भरवशावर इथे आला होता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण चूक तिचीच, याबद्दल शंका म्हणून आली नाही. लोक बटण दोनदा दाबतात, हिने ते अडवलेलं नाही, झालं!

मग पुरावा हवा म्हणून रिव्हर्स प्रॉक्सी लावला. म्हणजे आपल्या प्रोग्रॅमच्या पुढे आणखी एक छोटा प्रोग्रॅम उभा करायचा. अ‍ॅपकडून येणारी प्रत्येक विनंती, म्हणजे अपॉइंटमेंटची मागणी, आधी तो टिपून घेतो आणि मग आत सोडतो. आतून जाणारं उत्तरही तसंच टिपतो. कॉन्डो सोसायटीच्या गेटवर गार्ड वही घेऊन बसतो ना, तसं.

चाचणीच्या सर्व्हरवर दुपारभर बटण धडाधड दाबत बसलो. नोंदीत विनंती एकच, म्हणजे दुसरं दाबणं तिने अडवलेलं होतं. प्रॉक्सीच गंडला असेल म्हणून वैतागून पुन्हा लावला, तरी एकच. मग तोच उचलून माझ्या प्रोग्रॅमच्या पलीकडे, दवाखान्याच्या सर्व्हरपुढे ठेवला. तिथे दोन! हुबेहूब सारख्या, मध्ये पाच सेकंद. दवाखान्याचा सर्व्हर उत्तर द्यायला सात सेकंद घेत होता.

पाच सेकंद वाचलं आणि माझाच कोड उघडला. पाच सेकंदांत उत्तर नाही आलं तर विनंती पुन्हा एकदा पाठवायची, हे मीच लिहिलं होतं.

गुपचूप ती ओळ बदलायला दोन मिनिटं लागली असती. तसा विचार आला, आला म्हणजे आलाच. पण मग खापर तिच्याच डोक्यावर राहिलं असतं. नोंदींचा प्रिंट घेऊन सरळ बॉसकडे गेलो. त्याने तो दोनदा वाचला आणि तिच्या पासचा फॉर्म आजच पाठवतो म्हणाला.

मग तिच्या टेबलाशी जाऊन माफी मागितली. लाज वाटत होती, तरी एक प्रश्न तोंडून गेलाच. आमच्याकडे प्रत्येकाचा कोड दुसऱ्या कोणीतरी तपासून पास करायचा, आणि माझा हिनेच केला होता. तुला हे दिसलं कसं नाही, असं विचारलं.

"दिसलं होतं सर, तेव्हाच," ती म्हणाली. "पण त्याच्या आदल्या आठवड्यात मी तुमची एक चूक दाखवली, तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, आधी स्वतःचं बघ. म्हणून पास करून टाकला."

"अगं, पण नोकरीचा पास जायची वेळ आली, तरी बोलली नाहीस?"

"दोनदा आले होते तुमच्याकडे. तुम्ही मान वर न करताच हाताने परत पाठवलंत."

मला त्यातलं एकदाचंही आठवत नव्हतं.