कूलरसमोरचा शब्द

आज कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, पाणी सोडलं आणि त्या ओल्या वासासरशी एक जुनी दुपार आठवली.

लहानपणी मी आणि माझी मावसबहीण सुनीता स्वतःची भाषा बनवत होतो. कूलरसमोर बोललं की आवाज थरथरायचा. तिथे जो गोड वाटेल तोच शब्द पक्का. त्या दुपारी सावनेरहून तिची मैत्रीण वनिता आली. दोघींनी डोक्याला डोकं लावून कूलरसमोर 'झिरूमा' म्हटलं आणि खिदळल्या.

"काहून हसून राहिल्या वं? म्हणजे काय?"

"तुले नाही सांगत," सुनीता म्हणाली.

मागे एकदा फोनवर विचारलं, तर सुनीताला ती भाषाच आठवेना. मला मेलं सगळं पाठ आहे. फक्त झिरूमाचा अर्थ माहीत नाही. वनिताला माहीत असेल, या विचाराने पन्नाशीतही माझा जळफळाट होतो.