लाल टॅगवाली डूला

आमच्या मजल्यावरच्या आम्रपालीने डूला व्हायचं ठरवलं, तेव्हा मोशीतल्या आमच्या सोसायटीला हा शब्द पहिल्यांदाच कळला. बाळंतपणात आईच्या उशाशी बसणारी, तिची पाठ चोळणारी, तिला धीर देणारी बाई म्हणजे डूला. इंजेक्शन द्यायचं नाही, नाळ कापायची नाही, फक्त सोबत करायची. तिच्या सासूबाई सोजरबाई यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हय गं, नुसतं जवळ बसायला शाळा लागती?" लागते. चऱ्होलीच्या एका नव्या टॉवरच्या क्लबहाउसमध्ये ती दर शनिवार-रविवार भरते.

त्याआधी आम्रपाली नऊ वर्षं महाळुंग्याला, गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होती. आलेला माल तपासायचा आणि खोट दिसली की लाल टॅग लावायचा, हे तिचं काम. ते ती इतकं मनापासून करायची, की एकदा गाडीत चढलेला अख्खा लॉट तिने टॅग लावून खाली उतरवला. खोट खरी निघाली. कंपनीने तिचं कौतुक केलं आणि पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. खरं बोलून दमलेल्या माणसाला विश्रांती द्यावी, एवढी माणुसकी कंपन्यांत अजून शिल्लक आहे.

क्लासच्या शुभदा मॅडम फार शांत. त्यांच्याकडे कळेला कळ म्हणायचं नाही, लाट म्हणायचं. समुद्र इथून चार तासांवर, पण लाटा क्लबहाउसमध्ये. आम्रपालीने डोळे मिटून लाटा मोजल्या, उशीला बाळंतीण समजून तिची पाठ चोळली. प्रमाणपत्रासाठी मात्र अट होती. महिनाअखेरपर्यंत तीन बाळंतपणांना सोबत करायची, प्रत्येक आईकडून फॉर्म भरून घ्यायचा, आणि तिन्ही बाळंतपणं नैसर्गिक हवीत. सिझेरियन झालं तर ते धरणार नाहीत. असं का, हे आम्रपालीने विचारलंच. "आपला निसर्गावर विश्वास आहे," मॅडम म्हणाल्या. पोटातल्या बाळाचा कशावर विश्वास आहे, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

इकडे चऱ्होलीच्याच एका प्रसूतिगृहाने तिला सांगून ठेवलं होतं, प्रमाणपत्र आणा आणि एक तारखेपासून कामावर या. दोन बाळंतपणं सुरळीत पार पडली. तिसरी मिनल, कंपनीतल्या लाइनवरची तिची जुनी जोडीदारीण. डॉक्टरांनी तारीख दिली होती सत्तावीस.

सत्तावीसला सकाळी सातपासून आम्रपाली मिनलची पाठ चोळत होती. "लाट आली, येऊ दे. आता जाऊ दे."

"ताई, लाट नाही गं, कळ आहे ही," मिनल दात आवळून म्हणाली. मग आम्रपालीही कळच म्हणू लागली.

दुपारी दोनला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचे ठोके कमी होताहेत, सिझर करावं लागेल. मिनलने आम्रपालीकडे पाहिलं. "थोडं थांबूया का, ताई? तुझं सर्टिफिकेट जाईल ना."

"एक क्षण माझ्या मनात आलं, थांबूया म्हणावं," आम्रपालीने मला नंतर सांगितलं. "त्याची अजून लाज वाटते." पण तोंडाने ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस. थांबलं तर बाळाचं काय होईल, ते यांना विचार." मिनलने विचारलं, उत्तर ऐकलं आणि हो म्हणाली. आम्रपालीला हिरवा गाउन घालून आत घेतलं. पडद्याच्या अलीकडे ती मिनलचा हात धरून उभी राहिली. मुलगी झाली आणि निसर्गाची परवानगी न घेता जोरात रडली.

तिसऱ्या दिवशी मिनलने फॉर्म भरला आणि 'नैसर्गिक'वर खूण केली. "कोण बघतंय? लाइनवर आपण एकमेकींना सांभाळून घ्यायचोच की." आम्रपालीने फॉर्म पर्समध्ये ठेवला. क्लबहाउसच्या पायऱ्यांवर तो पुन्हा वाचला, लाल पेन काढलं, खूण खोडली आणि लिहिलं, सिझेरियन. नऊ वर्षांची सवय. मॅडमनी चार आकडे मोजत श्वास घेतला, सहा मोजत सोडला आणि फॉर्म बाजूला ठेवला. प्रसूतिगृहातली जागा क्लासमधल्या दुसरीला मिळाली, तिची तिन्ही बाळंतपणं कागदावर नैसर्गिक होती.

"एका शब्दापायी?" सोजरबाई म्हणाल्या.

"खोटा माल पुढे कसा सोडू, आत्या?"

सोजरबाई रागारागाने भांडी आवरायला गेल्या. आम्रपालीने पुढच्या बॅचला नाव दिलं.

मिनल मात्र स्वस्थ बसणारी नव्हती. तिने लाइनवरच्या सगळ्या बायकांना घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. पंधरवड्यात महाळुंग्याहून फोन सुरू झाले. पहिला शालनबाईंचा, सुनेसाठी. प्रमाणपत्राचं त्यांनी नावही काढलं नाही.

"एकच इचारायचंय बाई," त्या म्हणाल्या. "सिझर झालं तरी हात सोडणार न्हाई ना?"

"नाही सोडणार," आम्रपाली म्हणाली आणि तारीख लिहून घेतली.