मामाचा फोटो

आमच्या पठारावर कोल्ह्याला कोल्हा म्हणत नाहीत. नाव घेतलं की त्याच्या कानावर जातं आणि दुसऱ्या दिवशी लामांच्या कळपात एक पिल्लू कमी भरतं. म्हणून त्याला मामा म्हणायचं. "काल मामा येऊन गेला" म्हटलं की बाया आधी कोंडवाड्याकडं पळतात.

तिबुर्सियो चोके मात्र खराखुरा मामा. बहीण वारली, तिची लेक व्हिसेंता ओरूरो शहरात नांदायला गेली, आणि त्याला मामा म्हणणारं त्या माळावर कुणी उरलं नाही. राहिल्या सत्तावन्न लामा, मातीचं खोपट आणि बाजारातनं जुना घेतलेला कॅमेरा. लामा चरायला सोडल्या की गडी गालात कोकाची पानं धरून दगडाआड पालथा पडायचा. खाऱ्या तळ्यातले रोहित पक्षी, गारांचे ढग, लामांच्या रानटी भाऊबंदांची, विकुन्यांची झोंबाझोंबी, जे दिसेल ते टिपायचं. संध्याकाळी कॅमेऱ्याच्या काचेवर एकट्यानं बघायचं आणि झोपायचं. आठ वर्षं असंच.

गुरुवारी मिठाला म्हणून दोन तास चालून तो गावात उतरला, तर दुकानदारीण प्रुदेन्सियानं फोन पुढं केला. त्यात व्हिसेंतानं धाडलेला आवाज होता. "मामा, शनिवारी आमच्या घरावर छप्पर चढतंय. तू काय येणार न्हाईस, लामा व्यायला झाल्यात, ठावं हाय मला. पन मामाचा एक झकास फोटो धाड. मोठा करून घेते."

तिबुर्सियोची कळी खुलली. पोरीला आठवण आहे म्हणायची! तिच्या लहानपणी दोघं मिळूनच मामाच्या बिळावर पाळत ठेवायची. त्याच्याकडं होताही तसा फोटो. तीन हिवाळे काकडल्यावर मिळालेला. मिशांवर दहिवर, एक पाय उचललेला, डोळे थेट समोर. प्रुदेन्सियानं कॅमेऱ्यातलं कार्ड आपल्या मशिनीत घातलं.

"बया, काय देखणा हाय! तुज्यापरीस बरा."

"धाड गुमान."

धाडला. तो मीठ बांधतोय तोवर उत्तर आलं. व्हिसेंता हसतीय का रडतीय, कळेना. "अरं मामा, ह्यो कुठला मामा धाडलास? मला माझा मामा पायजे, तू! सासरची मानसं लोळत्यात हसून. 'तुज्या माहेरचं तोंड ह्येच काय' म्हनत्यात. छपराच्या जेवनाला मामाची खुर्ची असती का न्हाई? तुजा फोटो न्हाई आला तर सासरा त्याच्या मेव्हण्याला बसवनार तिथं."

तिबुर्सियोनं सगळं कार्ड उलटंपालटं केलं. दोन हजारांच्या वर फोटो. त्यात तो कुठंच नव्हता. एका दगडावर सावली तेवढी सापडली, लांबडी.

"थांब, मीच काढते," प्रुदेन्सिया म्हणाली.

"ह्या फाटक्या अवतारात? खुळी का काय! लाल पोंचो घरी हाय."

शुक्रवारी सकाळी त्यानं तोंड धुतलं, पोंचो चढवला, कॅमेरा कोंडवाड्याच्या भिंतीवर ठेवला. बटण दाबलं की दहा सेकंदं मिळतात. पहिल्या फोटोत नुसती पाठ आली. दुसऱ्यात चोर पळावा तसा पळताना. तिसऱ्यात एका लामिणीनं तोंड घातलं. चौथ्याला वेळेवर पोचला, तर हात कुठं ठेवावेत ते सुचेना. बघावं कुठं, तेही कळेना. पुढ्यात भिंत, भिंतीवर डबडं, त्याच्यामागं क्षितिजापर्यंत माळ. जनावराला निदान पलीकडं कोण तरी आहे याचा वास येतो. ह्याला कसलाच येईना.

दुपार कलली. लामा उपाशी बोंबलायला लागल्या. शेवटी दगडावर टेकून तो कॅमेऱ्यालाच म्हणाला, "व्हिसेंता, आटप गं आता, जनावरं खोळंबल्यात." तेवढ्यात खटका पडला.

शनिवारी उजाडताना तो दुकानाच्या दारात हजर.

"तोंड उघडं आलंय की रं," प्रुदेन्सिया म्हणाली.

"असूं दे. बोलत हुतो."

"कुनासंगं?"

त्यानं मिठाचं पोतं बघितल्यासारखं केलं. फोटो गेला. खरं तर लगेच माघारी फिरायला हवं होतं, एक लामीण आजउद्याची होती. पण तो दुपारपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून राहिला.

मग ओरूरोहून एक फोटो आला. नवं पत्र्याचं छप्पर, त्यावर रंगीत कागद. खाली मोठं टेबल आणि वीसेक माणसं, सगळी दात काढून. वरच्या अंगाला खुर्चीवर मोठा करून ठेवलेला तो, लाल पोंचोत, तोंड उघडं. पुढ्यात बटाटे नि मटण रचलेलं ताट. तिबुर्सियोनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. शेजारी सासऱ्याचा मेव्हणा बसला होता, त्याचा हात बरोबर त्या ताटात.

"बघ की," तिबुर्सियो म्हणाला, "माज्या ताटातलं खातोय."

प्रुदेन्सिया पोट धरून हसली. तो हसला नाही. परत एकदा त्यानं फोटो बघितला, फोन तिच्या हातात दिला आणि माळाच्या वाटेला लागला.